विषय: पुण्यातल्या लग्नात मुलांना कोणतं काम द्यावं?

मंडळी, स.न.वि.वि.

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात पुण्यात आहे. कार्यालय म्हात्रे पुलाजवळ, मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा, संध्याकाळी रिसेप्शन. माझी मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. दोघांना मराठी समजतं, बोलताना अडखळतात. इकडे अमेरिकेतल्या लग्नांत मुलं फुलं उधळत पुढे चालतात, उशीवर अंगठ्या घेऊन येतात, तसं काहीतरी बसवू या असं बहीण म्हणते. आईला ते पटत नाही. मला दोघींचं मन राखायचंय. आणि मुख्य म्हणजे, हे लग्न आपल्या घरचं आहे असं मुलांना वाटायला हवं. कोणी सुचवेल का?

— नवरीची ताई, न्यू जर्सी

उत्तर:

अगं, आधी बहिणीला माझे आशीर्वाद कळव. मी आता कायमची पुण्यात असले तरी मंडळाच्या मेल रोज वाचते, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

वेगळी मिरवणूक बसवायची गरजच नाही. आपल्या लग्नात मुलांनी करण्याजोगी कामं पहिल्यापासून आहेत. हल्ली ती कार्यालयाची माणसं उरकून टाकतात आणि मुलं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. ती कामं मुलांकडे परत द्यायची, एवढंच.

मुलीला करवली कर. सख्खी बहीण म्हणून पहिला मान तुझा, पण तुझ्या शेजारी तिलाही छोटा करा, म्हणजे नारळ ठेवलेला पाण्याचा कलश, घेऊन उभी राहू दे. घरातला चांदीचा करा पाण्यानारळासकट आठ वर्षांच्या मुलीला पेलत नाही. हौशी नातेवाईक आपापली मंगलाष्टकं म्हणायला लागले की वेळ लांबतो, मनगटं भरून येतात, नारळ कलंडतो आणि पोर रडवेली होते. म्हणून लहान लोटी घ्या, पाणी अर्ध्यापर्यंतच, पानं नीट बसवून वर मिळेल तेवढा लहान नारळ. माळा घालून झाल्या की त्यातलं पाणी नवरानवरीच्या डोळ्यांना लावायचं असतं. ते मात्र तिलाच लावू दे. माझ्या पुतणीच्या लग्नात नातीनं बोट बुडवून पाणी आधी स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिलं, फार गार नाही ना म्हणून, आणि मगच नवरीला लावलं. गुरुजी तेवढा वेळ थांबले होते. थांबतात गं, आपण आधी सांगितलं तर.

मुलासाठी लाजाहोम. नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो, सख्खा नसेल तर चुलत किंवा मावस. त्या मामाला खेटून मुलाला बसवा आणि लाह्यांचं छोटं सूप त्याच्या हातात द्या. होमापासून चांगला हातभर मागे, धूर येणार नाही अशा बाजूला. अंगात सुती कपडे हवेत आणि उपरणं काढून ठेवा, त्याचं टोक जाळाजवळ लोंबायला नको. पुढे कानपिळीला मामा नवऱ्याचा एक कान पिळेल, तेव्हा दुसरा ह्याला द्या! नवऱ्याकडच्यांना आदल्या दिवशी कल्पना दिलीत तर ह्याच्यासाठीही एखादी छोटी भेट तयार राहील.

अक्षता वाटायचं काम सगळ्याच पोरांना द्या, नवऱ्याकडच्या मुलांनाही. ओळख होते.

आता सरावाचं. डिसेंबरच्या आधी कार्तिक येतो. ह्या वर्षी घरी तुळशीचं लग्न लावा. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं, तेव्हा जमल्यास शनिवार-रविवार गाठा. अंतरपाट दोघा भावंडांनी धरायचा, मंगलाष्टकं तुम्ही म्हणायची, ‘सावधान’ आलं की अक्षता टाकायच्या. एकदा स्वतःच्या हातानं लग्न लावलं की कार्यालयात काय चाललंय हे मुलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

— काकू, कोथरूड

उत्तर:

काकूंचं पटतं, तरी थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडच्या लग्नात फोटोग्राफरनं मुलीला तेच तेच तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा तिनं ताम्हन खाली ठेवलं आणि जी आईला बिलगली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही. मुलांकडून काही पुन्हा करवून घ्यायचं नाही, हे फोटोग्राफरला पैसे ठरवतानाच सांगा. आणि मूल ऐनवेळी नको म्हणालं तर नकोच. आजूबाजूला आज्या कितीही आग्रह करोत.

झोपेचंही बघा. हिवाळ्यात न्यू जर्सी पुण्याच्या साडेदहा तास मागे असते. बाराचा मुहूर्त म्हणजे मुलांच्या शरीराला रात्रीचा दीड! निदान आठवडाभर आधी पोहोचा. रिसेप्शनला स्टेजवर रांग संपेपर्यंत उभं करू नका. पहिला अर्धा तास दारात अत्तर-गुलाबपाणी पुरे, मग खेळू द्या.

— दोन मुलांचा बाबा, सॅन होजे

उत्तर:

बरोबर आहे, आग्रह नकोच. माझं म्हणणं इतकंच की विचारायचं मात्र प्रत्येक मुलाला. दादाला काम मिळालं आणि धाकट्याला कोणी विचारलंच नाही, हे मुलांच्या फार मनाला लागतं.

आणि जेवण! पंगत बसेपर्यंत दोन वाजतात. कार्यालयात आधी सांगून साडेअकराला मुलांना वरणभात-तूप खाऊ घाला. नंतर मोठ्यांच्या पंगतीत मीठ-लिंबू वाढायला पाच वर्षांचा मुलगाही चालतो. आमच्याकडे पाहुण्यांनी वाढप्यापेक्षा पोरांकडूनच मागून घेतलं.

— काकू

उत्तर:

काकू, दादा, मनापासून आभार. बहिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. करवलीचं आणि सुपाचं तिनं लगेच धरलं, आईही खूश आहे. फुलांचा हट्ट मात्र बहिणीनं सोडलेला नाही. आमचा मामा तिला बोहल्याकडे घेऊन येईल तेव्हा मुलांनी पुढे पाकळ्या टाकत यावं असं म्हणते. ह्याला आईनं आता हो म्हटलंय. मुलीचं परकर-पोलकं इथून शिवून आणू की तिथे मिळेल?

— नवरीची ताई

उत्तर:

पाकळ्या छानच, फक्त फरशीवर पायाखाली निसरड्या होतात, तेव्हा नवरीच्या वाटेवर कमी आणि कडेला जास्त. परकर-पोलकं इथेच घे. खणाचं तयार लक्ष्मी रोडला मिळतं, मुंडावळ्या आणि सूप तुळशीबागेत. मापाला मुलीला बरोबर ने आणि परकर घोट्याच्या वरच ठेव, हातात करा असताना पायात यायला नको.

— काकू