मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये काकांसोबत आठवडाभर जॅझ

मंडळी, पुण्याहून काका पुढच्या महिन्यात आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला येताहेत. वय ६८, जन्मभर तबला वाजवलाय. म्हणाले, "स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा राहू दे, मला ड्रम ऐकव." मग काय, अख्खा आठवडा जॅझसाठीच काढलाय.

सोमवारी व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब नक्की. १९३५ पासूनचं ते तळघर, आणि सोमवारच्या मोठ्या वाद्यवृंदाची प्रथा १९६६ पासूनची. मंगळवार ते रविवार तिथे बहुधा एकच बँड असतो, म्हणून बाकीचे दिवस स्मॉल्स, बर्डलँड आणि डिझीज क्लब असं फिरावं म्हणतेय. क्रम कसा लावू?

खरी अडचण काकांच्या गुडघ्यांची. व्हॅनगार्डचा जिना चांगलाच उभा आहे. हात धरून उतरवता येईल ना? तिकिटाबरोबर एक पेयही घ्यावंच लागतं. काका दारूला शिवत नाहीत, नुसता कोक चालतो का?

ड्रमरचे हात दिसतील अशी जागा कुठे मिळेल? मागे एका क्लबात आम्ही खांबाआड बसलो होतो. दोन तास फक्त झांजेची कड दिसली! काका हे खपवून घेणार नाहीत.

आणि रात्रीचा दुसरा सेट, म्हणजे उशिराचा खेळ, ऐकून पेन स्टेशनहून एडिसनची गाडी गाठणारं कुणी आहे का इथे?