रविवारची छाटणी: तगर कोणती, अनंत कोणता?

सचिव: रविवारी माळीदादा येताहेत. गेटजवळची तगरीची रांग कमरेइतकी सपाट करून घेऊ या?

बी-२०४: थांबा, ती सगळी तगर नाही. टाकीकडची तीन झुडपं अनंताची दिसतात. दोन्हींची पानं समोरासमोर, चकचकीत, फुलं पांढरी, म्हणून गल्लत होते. पान देठाशी तोडा. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो.

सी-१०१: छाटायला त्याने काय फरक पडतो?

बी-२०४: खूप! तगर नव्या फुटीवर फुलते, कापली तरी सावरते. अनंताच्या कळ्या फांद्यांच्या टोकाला धरतात. त्या धरल्यावर शेंडे उडवले की त्या वेळचा बहर गेला. त्याची छाटणी बहर ओसरल्याबरोबर. आत्ता कळ्या असतील तर फक्त वाळक्या काड्या काढा.

सचिव: आणि जास्वंद?

बी-२०४: तीही नव्या फुटीवर फुलते, बिनधास्त छाटा, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. बाहेरच्या बाजूचा डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती जागा, बघून त्याच्या वर अर्ध्या सेंटीमीटरवर तिरका काप. लांब खुंट ठेवला तर वाळून कूज खाली उतरते, फार खेटून कापलं तर डोळाच सुकतो. कुंपणाची मोठी कात्री हिला कृपया नको. वर दाट छप्पर होतं, आत ऊन जात नाही, फांद्या उघड्या पडतात आणि पिठ्या ढेकणाला (ती पांढरी कापसासारखी कीड) आयती जागा मिळते.

डी-५०३: ती कात्री डुरांट्याच्या कुंपणाला ठीक. फक्त खाली रुंद, वर थोडं अरुंद ठेवा, नाहीतर सावलीने बुंधा बोडका होतो.

ए-३०३: पार्किंगवर आलेली बहाव्याची जाड फांदी?

डी-५०३: तीन कापांत. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश. मग त्याच्या थोडं बाहेर वरून आरपार. वजन उतरलं की उरलेला खुंट, खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. एकाच कापात तोडली तर फांदी साल सोलत खाली येते. कडं कापू नका, जखम तिथूनच भरते. वर रंग, डांबर काही नको.

सी-१०१: मागची कण्हेरही यादीत आहे ना? हातमोजे लागतील, चीक विषारी असतो. तिचा पाला जाळायचा नाही, धूरसुद्धा घातक.

सचिव: बरं. अनंताच्या तिन्ही झुडपांना लाल फीत बांधून ठेवते.

बी-२०४: आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसायला सांगा.