लाटेचे पट्टे खरेच असतात
"लाटेला असे हिरवे-निळे पट्टे असतात होय, ही तर लहान पोरांची रंगवही" असं त्या सर्फिंगच्या (फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायचा खेळ) चित्रावर वर कुणी लिहिलंय, ते काही पटलं नाही ओ. आपण बेळगावकर चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो ते गुडघाभर पाण्यात उभं राहायला, तिथं लाट पोचते ती फुटूनच, नुसता फेस. मुल्कीला, मंगळूरच्या अलीकडं, सर्फिंग शिकवतात, तिथं संध्याकाळी बोर्डावर पालथा पडून जरा आत गेलो तर न फुटलेली लाट समोर उभी, पलीकडून ऊन, वरची कड पातळ म्हणून बाटलीच्या काचेसारखी हिरवी, मधे निळसर, बुडाला एकदम काळपट. बोर्डावर उभं राहणं काही जमलं नाही, ते सोडा.

आणि अशी लाटांची चित्रं काढणारे बरेचदा स्वतः सर्फर असतात. जॉन सेव्हरसन अमेरिकन आर्मीत असताना हवाईत लाटा नि सर्फर रंगवायचा, १९६० मध्ये 'सर्फर' मासिक काढलं ते त्यानंच. त्या चित्रातलं उकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) वाजवणारं माकड मात्र मलाही जरा जास्तच वाटलं.