मदत हवी आहे : अध्यक्ष वारले, मंडळाचं खातं अडकलं, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) तोंडावर

नमस्कार मंडळी. आमचं गाव वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातलं. मंडळाचं छोटं कलाकेंद्र आहे. संध्याकाळी पोरं पेटी-तबला शिकतात, दंडारीची (आमच्याकडच्या लोकनाट्याची) तालीम होते आणि मंडईला झाडीपट्टीचं नाटक आम्हीच आणतो. यंदा कापणीच्या तोंडावर पाऊस आला, धान बांधीतच लोळला. अशात घरोघर वर्गणी मागायला तोंड नाही.

गेल्या हंगामाची शिल्लक बँकेत आहे, पण सह्या अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघांच्या लागतात. अध्यक्ष मार्चमध्ये वारले. मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही आहे. सभा घेऊन नवा अध्यक्ष निवडला, ठराव इतिवृत्तात आहे. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती) धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा होता; रोवणीच्या धावपळीत राहिला (चूक आमचीच). मग विलंबमाफीच्या अर्जासह दिला. पोच मिळाली, बदल मंजूर केल्याचा आदेश नाही. बँक म्हणते आदेश आणा, वकील म्हणतात थांबा. नाटक कंपनीचा इसार कसा थांबेल?

दरवर्षीचं ऑडिट झालेलं आहे, मंडळात वाद नाही. दुसरं खातं काढून व्यवहार फिरवा, हा सल्ला कृपया नको, दोघांनी आधीच दिलाय.

पोच, ठराव आणि मृत्यूचा दाखला एवढ्यावर, आदेशाआधी, निदान वीजबिल आणि इसारापुरते पैसे कुणाच्या मंडळाला काढता आले का? बँकेला नेमका कोणता अर्ज दिला होता?