सीएनएनचे ख्रिस लिक्ट: नेतृत्वाचे अपयश की मालकांनी दिलेला बळी?

अश्वत्थ (धागालेखक)

७ जून २०२३ रोजी सीएनएनच्या सकाळच्या संपादकीय बैठकीत वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या मालक कंपनीचे प्रमुख डेव्हिड झॅस्लाव्ह यांनी वाहिनीचे अध्यक्ष ख्रिस लिक्ट पद सोडत असल्याचे जाहीर केले. मे २०२२ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या लिक्ट यांची कारकीर्द जेमतेम तेरा महिन्यांत आटोपली. वाहिनीला राजकीयदृष्ट्या तटस्थ करण्याचा प्रयत्न केला म्हणून ते गेले, असे या प्रकरणाविषयी सर्रास सांगितले जाते. मला ते मान्य नाही. तटस्थतेचे उद्दिष्ट योग्यच होते. ते ज्यांच्या हातून साध्य व्हायचे, त्या पत्रकारांचा विश्वास लिक्ट यांनी कधी कमावलाच नाही.

त्यांचे पूर्वसुरी जेफ झकर यांना एका सहकाऱ्याशी असलेले संबंध वेळेत न कळवल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. झकर यांच्यावर आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ होते. तरीही सकाळची बैठक ते स्वतः चालवत, बातमी कोणत्या कोनातून जाईल यात लक्ष घालत आणि कर्मचाऱ्यांना सहज भेटत. लिक्ट यांनी आपले कार्यालय न्यूजरूमपासून काही मजले वर हलवले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ज्या न्यूजरूमचा प्रमुख नुकताच गेला आहे आणि मालकही बदलले आहेत, तिथे नवा साहेब कुठे बसतो यावरून लोक बरेच काही ताडतात.

१० मे २०२३ रोजी न्यू हॅम्पशायरमधील सेंट अॅन्सेल्म महाविद्यालयात डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी जाहीर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम झाला. श्रोत्यांमध्ये रिपब्लिकन आणि त्या पक्षाकडे झुकणारे मतदार होते. आदल्याच दिवशी लेखिका ई. जीन कॅरोल यांच्या दाव्यात ज्यूरीने ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार व बदनामीसाठी जबाबदार धरले होते. ट्रम्प यांनी मंचावरून कॅरोल यांची खिल्ली उडवली आणि सभागृह हसले. निवेदिका केटलन कॉलिन्स एकेक विधान खोडत होत्या, पण त्यांचा आवाज टाळ्यांत बुडत होता. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्याने खोटे विधान आधी घराघरांत पोचे आणि खुलासा मागून धावे. दुसऱ्या दिवशी सकाळी संतापलेल्या सहकाऱ्यांसमोर लिक्ट यांनी या कार्यक्रमाचे समर्थनच केले. माझ्या मते त्यांचे पद त्या सकाळीच गेले. जूनमध्ये केवळ घोषणा झाली.

रानवाटा

धागालेखकांनी घटनाक्रम नीट मांडला आहे, पण निष्कर्ष पटत नाही. सीएनएनची तेव्हाची मालक वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी यांचे विलीनीकरण पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस लिक्ट यांचे नाव जाहीर झाले. त्यांचा अनुभव कार्यक्रमनिर्मितीचा होता: एमएसएनबीसी आणि सीबीएसवरील सकाळचे कार्यक्रम व सीबीएसवरील रात्रीचा विनोदी कार्यक्रम. हजारो माणसांची जागतिक वृत्तसंस्था त्यांनी कधी चालवली नव्हती. मग त्यांना तिथे बसवणाऱ्याचा निर्णय आधी तपासायला नको का?

विलीनीकरणातून जन्मलेल्या कंपनीच्या डोक्यावर पन्नास अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. सीएनएन प्लस ही सशुल्क स्ट्रीमिंग सेवा २९ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि एप्रिल संपायच्या आत बंद पडली, म्हणजे लिक्ट यांनी पदभार घेण्याआधीच. तरी ती बंद होत असल्याचे कर्मचाऱ्यांना सांगायला उभे राहावे लागले ते लिक्ट यांनाच. डिसेंबरमध्ये शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हाही पत्रावर सही त्यांचीच होती. सीएनएनने पूर्वीसारखी पत्रकारिता करावी, ही इच्छा कंपनीतील बडे भागधारक जॉन मलोन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्येच दूरचित्रवाणीवर बोलून दाखवली होती. दिशा वर ठरली, कपात वर ठरली, आणि शिव्या मात्र लिक्ट यांनी खाल्ल्या. त्यांना काढताना झॅस्लाव्ह यांनी पूर्ण जबाबदारी आपली असल्याचे म्हटले आणि ते स्वतःच्या खुर्चीत कायम राहिले. अशा जबाबदारीला काय किंमत द्यायची?

कृष्णाकाठ

दोघांनीही न्यूजरूमला निर्दोष ठरवले आहे. मी एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात काम करते. संपादक बदलला की जुन्या संपादकाची माणसे पहिल्या दिवसापासून नव्याचे पाय मोजू लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. सीएनएनमध्ये झकर यांच्याविषयी निष्ठा प्रबळ होती आणि अंतर्गत बैठकीत बोललेला शब्द तासाभरात बाहेर छापून येत होता. अशा घरात कोणताही नवा प्रमुख टिकणे अवघड होते.

अश्वत्थ

कृष्णाकाठ, बातम्या फुटत होत्या हे खरे आहे, पण सर्वांत मोठा दारूगोळा लिक्ट यांनी स्वतःच पुरवला. 'द अटलांटिक' या अमेरिकी नियतकालिकाचे पत्रकार टिम अल्बर्टा यांना त्यांनी अनेक महिने आपल्याबरोबर वावरू दिले. २ जूनला प्रसिद्ध झालेल्या त्या प्रदीर्घ लेखात झकर यांच्या काळातील कोविड वार्तांकनावर त्यांनी केलेली टीका आहे आणि व्यायामशाळेत वजन ढकलत असताना झकर यांना हे जमले नसते, असा मारलेला शेराही आहे. शेजारच्या टेबलावर बसलेल्या ज्या वार्ताहराने ते कोविड वार्तांकन केले, त्याने हे वाचून सोमवारी कामावर कोणत्या मनाने यायचे? लिक्ट यांनी ५ जूनला माफी मागितली आणि दोन दिवसांत ते गेले. हा लेख ना झॅस्लाव्ह यांनी लिहवून घेतला होता, ना झकर यांच्या माणसांनी.

दिवेलागण

मला मूळ उद्दिष्टावरच आक्षेप आहे. तथ्य आणि असत्य यांच्या मधोमध उभे राहण्याला तटस्थता म्हणता येत नाही. ट्रम्प यांना बोलावण्यात गैर काहीच नव्हते, कारण ते आघाडीचे उमेदवार होते. त्यांच्याच समर्थकांनी सभागृह भरणे गैर होते. सुमारे ३३ लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांच्यापैकी किती जण वाहिनीकडे परत आले? दोनच दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळच्या मुख्य वेळेत न्यूजमॅक्ससारखी छोटी, उजव्या विचारांची वाहिनी सीएनएनच्या पुढे गेली.

अश्वत्थ

दिवेलागण यांनी सभागृहाविषयी जे लिहिले, त्याला पुढच्या वर्षीच्या घटनेने पुष्टी मिळते. २७ जून २०२४ रोजी सीएनएननेच अटलांटात बायडेन आणि ट्रम्प यांची वादचर्चा घेतली. श्रोते नव्हते, आणि एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवला जात होता. निवेदकांनी विधाने जागेवर तपासली नाहीत यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण कार्यक्रमाचा तमाशा झाला नाही. तेव्हा प्रमुख होते मार्क थॉम्प्सन, म्हणजे बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्स चालवून आलेला माणूस. मालक तेच, वाहिनी तीच आणि तटस्थतेचा आग्रहही तोच होता. म्हणूनच सगळा दोष झॅस्लाव्ह यांच्या माथी मारणे मला पटत नाही.

रानवाटा

आपले हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. अनुभवी माणूस नेमल्यावर कारभार सुधारला, याचाच अर्थ पहिली नेमणूक चुकली होती. आणि थॉम्प्सन यांच्या हाताखालीही कपात थांबलेली नाही: जुलै २०२४ मध्ये सुमारे १०० आणि जानेवारी २०२५ मध्ये सुमारे २०० नोकऱ्या गेल्या. लिक्ट चांगले नेते होते असे मी एकदाही म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांनी त्यांना निवडले, कर्जाचा भार वाहिनीवर टाकला आणि त्या कार्यक्रमाची जाहीर पाठराखण केली, त्यांच्यापैकी एकालाही तेव्हा पद सोडावे लागले नाही, आणि आपल्या मूळ लेखात त्याबद्दल एक ओळही नाही.