मुरब्बी, मुरलेला की बहारातला? रॉनीवरून पेटलेली शब्दचर्चा

सदरवाला
मंडळी, एक शब्द अडलाय. अडला कुठे तर नागपूरच्या सदर भागातल्या एका पूल पार्लरात, त्यामुळे आधीच सांगतो, हसू नका. आम्ही सात-आठ जण संध्याकाळी तिथं जमतो, त्यात साठी ओलांडलेले एक काका आहेत, आम्हा सगळ्यांना क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला त्यांनीच शिकवलं. परवा मोबाईलवर स्नूकरवाल्या रॉनी ओ'सुलिव्हनचे ब्रेक, म्हणजे एकामागून एक बॉल खिशात घालत केलेले गुण, पाहून राहिलो होतो आणि काका म्हणाले, "काही म्हणा बावा, मुरब्बी माणूस आहे." त्यावर आमच्यातलं सर्वात लहान पोट्टं, कॉन्व्हेंटवालं, विचारतं, "मुरंबा? कायचा, आंब्याचा?" सगळे खिदळले, पण मग दुसऱ्यानं मुद्द्याचं काढलं, की जो माणूस १९९३ ची यूके चॅम्पियनशिप वयाची १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी जिंकून बसला तो मुरब्बी कसा, तो मुरला कधी? काका म्हणे मुरब्बी म्हणजे डाव जाणणारा, वय नको पाहू. तासभर हेच, खेळणं बाजूला, टेबलाचं भाडं चालू ते चालूच.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुरब्बीचा मुरण्याशी, मुरंब्याशी काही संबंध आहे का? आणि तीस वर्षं होऊन गेली तरी ज्याचा खेळ पडतो, परत वर येतो, परत पडतो, अशा माणसाच्या त्या वर येण्याला मराठीत काय म्हणायचं? 'फॉर्म' सांगू नका, तो आम्हालाही येतो.

पुणे ३०
मुरब्बी आणि मुरंबा सख्खी भावंडं, मुरणे मात्र शेजारचा. अरबीत एक धातू आहे, त्याचा अर्थ वाढवणं, पोसणं, सांभाळून मोठं करणं. जो वाढवतो तो मुरब्बी, आणि जे जपून सांभाळलं, म्हणजे पाकात घालून ठेवलं, ते मुरब्बा. शेवटच्या स्वराचाच काय तो फरक. मुरब्ब्यात आपण अनुस्वार घुसवून मुरंबा केला. मुरणे हे आपलं घरचं क्रियापद, लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, त्याचं त्या अरबीशी नातं नाही. पण कानाला सारखं लागतं ना, म्हणून मराठी माणसानं मुरब्बीचा अर्थच ओढत ओढत मुरलेल्याकडे नेला. जुना अर्थ पाठीराखा, आश्रयदाता, पालक. आजचा अर्थ अनुभवी, पक्का, थोडासा बेरकीसुद्धा. त्यामुळे काका आजच्या अर्थानं बरोबर आहेत आणि ते पोट्टंही तुम्हाला वाटतं तेवढं चुकलेलं नाही.
स्नूकरचं मला काही कळत नाही. बॉल रंगीत असतात एवढं माहीत आहे.

इतवारीची सून
अगदी अगदी. आमच्या सासरी गुजराती. पूर्वी पत्रं यायची त्यांची सुरुवातच 'मुरब्बी श्री' अशी असायची, वडीलधाऱ्या माणसाला लिहायची ती पद्धत. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या नावच्या पत्रावर ते वाचलं आणि मला वाटलं कोणी टोमणा मारलाय, कारण माहेरी मुरब्बी हा शब्द फक्त पुढाऱ्यांसाठी ऐकलेला, तोही बाबा पेपर खाली ठेवताना जरा तोंड वाकडं करून म्हणायचे.

महालातला
इतवारीच्या ताईंनी बरोबर नस पकडली. आजच्या मराठीत मुरब्बी म्हटलं की त्यात चाल आली, समोरच्याला खेळवणं आलं. म्हणूनच म्हणतो, मुरब्बी म्हणायचंच तर स्टीव्ह डेव्हिसला म्हणा. १९८१ ते १९८९ मध्ये सहा वर्ल्ड टायटल, आणि कशी, तर सेफ्टीवर सेफ्टी, म्हणजे सोपा शॉट ठेवायचाच नाही, पांढरा बॉल असा नेऊन चिकटवायचा की समोरच्याला घाम फुटला पाहिजे. रॉनीचं तसं नाही भाऊ. त्यालाही सेफ्टी येते, जबरदस्त येते, पण त्याची ओळख ती नाही. १९९७ मध्ये क्रूसिबलला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप होते त्या थिएटरात, त्यानं १४७, म्हणजे टेबल साफ करणारा पूर्ण ब्रेक, मारला तो ५ मिनिटं २० सेकंदांत, नंतर लोकांनी व्हिडिओवर नीट मोजला तर ५ मिनिटं ८ सेकंदच निघाला. १४७ म्हणजे छत्तीस शॉट. एका शॉटला नऊ सेकंदही नाही, त्यातच टेबलाभोवती चालायचं, चॉक लावायचा. हे मुरण्यातून येत नाही, हे उपजत. रॉनीला रॉकेट म्हणतात ना, लोणच्याच्या बरणीत घालून रॉकेट तयार होत नसतं.

आणि कृपा करून कोणी दिग्गज म्हणू नका. दिग्गज म्हणजे दिशा तोलून धरणारे हत्ती, ते आठच आहेत. आपल्या पेपरात रोज सकाळी आठ नवे जन्मतात.

सदरवाला
महालभाऊ, काकांना दाखवलं. त्यांचा राग डेव्हिसवर नाही, नव्वदच्या दशकातल्या चॅम्पियन स्टीफन हेंड्रीवर आहे. म्हणजे हेंड्रीला कोणी कमी लेखलं की राग. ते म्हणतात रॉनीची वर्ल्ड टायटल सात तर सात, दोघांचीही सातच, मग हेंड्री लहान कसा? १९९० ते १९९९ या दहा वर्षांत त्यानं सातही घेतली, त्यात १९९२ ते १९९६ सलग पाच. रॉनीला सातसाठी २००१ ते २०२२ लागले. पोट्टे म्हणतात तेच तर मोठेपण आहे, बावीस वर्षं टिकला. काका म्हणतात ते टिकाऊपण झालं, मोठेपण नाही, स्टीलचा डबापण टिकतो.

बुटीबोरीवाला
काकांना साष्टांग. पण गंमत बघा, भांडण 'मोठा' या शब्दातच आहे. आपल्याकडे मोठा म्हणजे वयानं मोठा आणि मोठा म्हणजे थोर, दोन्हीला एकच शब्द. घरात मोठा कोण विचारलं तर कोणी पराक्रम सांगत नाही, जन्मसाल सांगतात. फारसीतही तेच झालंय, बुजुर्ग म्हणजे मोठा, त्याचा आपण म्हातारा केला. आणि तोच बुजुर्ग गावाच्या नावात घासून घासून बुद्रुक झाला, तिथं मात्र वयाचा संबंध नाही, मोठं गाव ते बुद्रुक, लहान ते खुर्द. म्हणजे रॉनी बुजुर्ग आहे हे दोन्ही पार्ट्यांना मान्य व्हायला हरकत नाही, ज्यानं त्यानं आपला अर्थ घ्यावा.

नुसतं टायटल मोजून तर काहीच होत नाही. जुन्या काळी 'जो डेव्हिस' नावाचा खेळाडू होता, त्याची १५ आहेत, १९२७ ते १९४६, आणि तो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एकदाही हरला नाही. तेव्हा एंट्र्याच हाताच्या बोटांवर, पहिल्या वर्षीचं बक्षीस साडेसहा पौंड. त्याला सगळ्यात मोठा म्हणणारे किती जण आहेत तुमच्या पार्लरात? शिफ्ट आहे, निघतो.

काटोल संत्रा
मी क्रिकेटवाला, स्नूकर पोरामुळे पाहतो. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देऊन नाही राहिलं म्हणून लिहितो.

फॉर्मला मराठीत जुना चांगला शब्द आहे, भर. ऐन भरात आहे म्हणतो ना आपण. पण भरात अडचण अशी की तो एकदाच येतो, तारुण्याचा भर, पावसाचा भर, ओसरला की ओसरला. रॉनीला तो बसत नाही. त्याला आमचा शब्द लावा, बहार. आता तुम्ही म्हणाल भर आणि बहार एकच, तर नाही, भर हा भरण्यातला, बहार फारसीतून आला, मूळ अर्थ वसंत. संत्र्याला आमच्याकडे मुख्य बहार दोन, अंबिया आणि मृग. अंबियाचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचं पाऊस लागला की. झाड तेच, पण बहार परत येतो, आणि मुख्य म्हणजे तो आपोआप येत नाही, धरावा लागतो. 'यंदा कोणता बहार धरला' असंच विचारतात. अंबिया धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, महिना दीड महिना, जमीन भारी असली तर जास्त. पानं मलूल होतात, थोडी गळतात, नवीन माणूस पाहील तर म्हणेल बगीचा गेला. मग पाणी सोडलं की फूल असं फुटतं की विचारू नका. ताण नीट बसला नाही तर फूल तुरळक, इकडं चार तिकडं दोन. आणि जो लोभापायी दोन्ही बहार घेतो त्याचं झाड खचतं.

पोरानं सांगितलं की २०१२ ला जिंकल्यावर रॉनी जवळजवळ अख्खा सीझन खेळलाच नाही आणि २०१३ ला सरळ क्रूसिबलला येऊन परत वर्ल्ड चॅम्पियन झाला. मी म्हटलं बापा, ताण दिला त्यानं!

महालातला
काटोलभाऊ, 'ताण दिला' आवडलं, पटलं, चोरणार आहे. आणि तुमच्या हिशेबात २०२५ पण बसतं पाहा. जानेवारीत मॅच हरला त्या रागात क्यू मोडला, मास्टर्स या मोठ्या स्पर्धेचा आदला विजेता असून तिच्यातून नाव काढलं, मग थेट क्रूसिबल, तिथं सेमीफायनलमध्ये झाओ शिनटाँगनं १७-७ असा धुतला. सगळे म्हणाले संपला. ऑगस्टमध्ये सौदीत सेमीफायनलला एकाच मॅचमध्ये दोन वेळा १४७. वय ४९. फायनल मात्र नील रॉबर्टसनकडून १०-९ हरला. बहार आला, फळ थोडक्यात गेलं.

पुणे ३०
काटोलकर, एक शंका. ताण देणं हे बागाईतदार करतो, झाड नाही. इथं झाड आणि बागाईतदार एकच माणूस आहे. रूपक जरा लंगडतं.

काटोल संत्रा
लंगडू द्या. तुमच्याकडं अंजीर असतात, तिथंही बहारच म्हणतात, विचारून पाहा.

इतवारीची सून
😄 पुणे ३०, घ्या.
मला एक सांगा, खेळायला नवीन असलेल्याला काय म्हणता तुम्ही पार्लरात? मुरब्बीच्या उलट काय?

बुटीबोरीवाला
ताई, आम्ही नवखा म्हणतो, पोट्टे 'कच्चा लिंबू' म्हणतात. पण खरं उत्तर खेळाच्या नावातच आहे. स्नूकर म्हणजेच नवखा! १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश ऑफिसरांच्या मेसमध्ये हा खेळ निघाला, नेव्हिल चेंबरलेन म्हणून लष्करी अधिकारी होता, पंतप्रधान झाला तो नाही, दुसरा. लष्करी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोराला तेव्हा स्नूकर म्हणायचे. एकाचा सोपा पॉट, म्हणजे बॉल खिशात घालायचा शॉट, हुकला तर हा त्याला म्हणाला तू म्हणजे अगदी स्नूकर आहेस, आणि तेच नाव खेळाला चिकटलं, ही हकिकत त्यानं स्वतः सांगितलेली. आणि तेव्हा जबलपूर कुठं, तर मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. म्हणजे खेळ आपल्याच घरचा म्हणा ना! आपलं पोट्टं मुरंबा म्हणालं यात नवल नाही, खेळाचं नावच त्याच्यावरून पडलेलं आहे.

महालातला
थांबा, सगळ्यांचं ऐकून आता मला माझंच म्हणणं मागं घ्यावं लागून राहिलं. पुणे ३० यांनी जुना अर्थ सांगितला ना, जो वाढवतो, पाठीशी उभा राहतो तो मुरब्बी. त्या अर्थानं रॉनी मुरब्बी नाहीच, रॉनीला मुरब्बी *होता*. रे रिअर्डन. सत्तरच्या दशकातला सहा वेळचा चॅम्पियन. २००४ मध्ये सत्तरीच्या पुढचा हा म्हातारा रॉनीसोबत होता, त्याला सेफ्टी आणि सबुरी शिकवली, आणि त्या वर्षी रॉनीनं वर्ल्ड टायटल घेतलं. आता पुढचं ऐका. सगळ्यात जास्त वयाचा वर्ल्ड चॅम्पियन हा रेकॉर्ड रिअर्डनच्याच नावावर होता, १९७८, वय ४५. तो मोडला कोणी? रॉनीनं, २०२२ मध्ये, वय ४६. रिअर्डन २०२४ मध्ये गेला, ९१ व्या वर्षी, म्हणजे आपण वाढवलेल्यानं आपला रेकॉर्ड मोडला हे पाहून गेला.

आता या एका जोडीत दोन्ही अर्थ आले. रिअर्डन जुन्या अर्थानं मुरब्बी, आणि त्याच्या हाताखाली रॉनी नव्या अर्थानं थोडा मुरब्बी झाला. मी वर उपजत उपजत म्हणून राहिलो होतो, ते अर्धंच.

पुणे ३०
हे मी टिपून ठेवतो. अर्थ कसा सरकला ते सांगायला याहून बरं उदाहरण मला माहीत नाही, आणि मी ते स्नूकरमध्ये कधी शोधलं नसतं.

सदरवाला
मंडळी, काल सगळं मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. काका बहारावर खूश, त्यांची सासुरवाडी नरखेडची, म्हणजे संत्र्याच्याच पट्ट्यातली. हेंड्रीचं भांडण मिटलं नाही, ते मिटणार पण नाही, हेंड्रीनं एकदाही पाणी तोडलं नाही तरी सात वेळा फळ दिलं असा नवीन मुद्दा त्यांनी काढला आहे, काटोलभाऊंनी उत्तर द्यावं.

मुरब्बीचा जुना अर्थ वाचला तसं ते कॉन्व्हेंटवालं पोट्टं लगेच उठलं. म्हणतं, "काका, क्यू धरायला आम्हाला तुम्ही शिकवलं, म्हणजे आमचे मुरब्बी तुम्ही. आणि मुरब्बी म्हणजे आश्रयदाता असं लिहिलं आहे, तर मग आजच्या टेबलाचे पैसे..." काका बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग खिशात हात घालत म्हणाले, "अबे, मुरंबाच बरा होता बे."