बैल समुद्रावर चिकटवल्यासारखा दिसतोय, काय करू? (ॲक्रिलिक, कॅनव्हास)

बोर्डवाले आप्पा:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय. मी सांगतोय आणि नात टाइप करते आहे, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर तिला बोला.

मी दापोली तालुक्यातला. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. किराणा दुकानं, सलून, पतपेढ्या, निवडणुकीच्या भिंती आणि हर्णै बंदरातल्या होड्यांवरची नावं नि नंबर. फ्लेक्स आला तसा धंदा बसला. होड्यांची कामं तेवढी अजून येतात. दिवाळीत नातीने ॲक्रिलिकच्या बारा ट्यूब आणि दीड बाय दोन फुटांचा कॅनव्हास आणून हातात दिला. म्हणाली, आजोबा, लोकांची नावं पुरे झाली, आता तुम्हाला हवं ते काढा.

मला हवं ते म्हणजे हर्णैचा लिलाव. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी होड्या येतात, पण पाणी उथळ असल्याने थेट वाळूला लागत नाहीत. मग बैलगाड्याच पाण्यात शिरतात आणि मासळी गाडीत भरून वाळूवर आणतात. पोटाला लाट लागली तरी बैल जागचा हलत नाही. मागे सुवर्णदुर्ग. हे लहानपणापासून बघतोय. डोळे मिटून सांगेन कोण कुठे उभं असतं ते.

तरी चित्र जमत नाही. पहिलं म्हणजे हा रंग थांबतच नाही. आमच्या ऑईल पेंटला वाळायला रात्र लागते, मध्ये चहा पिऊन आलं तरी कड ओली सापडते. इथे नारिंगी आकाश वरच्या निळ्यात मिसळायला गेलो तर निम्म्यावर पोचेपर्यंत सुरुवातीचं कडकडीत. आकाशाला पट्टे पडलेत, जुन्या एसटीसारखे. दुसरं, ताटलीत कालवलेला समुद्र कॅनव्हासवर वाळला की गडद होतो. एक डाग झाकायला पुन्हा कालवला तो जुळेना, म्हणून आणखी एक हात मारला. आता समुद्राला ठिगळंच ठिगळं.

पण खरं दुखणं बैलाचं आहे. बैल म्हणून तो वाईट नाही, वाडीतल्या पोरांनी पाहून “हा ढवळ्या” असं नावानिशी ओळखला. पण तो पाण्यात उभा नाही. कातरीने कापून वर डकवलाय असं वाटतं. नात स्टिकर म्हणते. कड स्वच्छ मारली आहे, बाहेरून काळी बारीक रेघ, जशी अक्षराला मारतो तशी. आणि फेसाला ट्यूबमधलं पांढरं झाकेना म्हणून होडीचं पांढरं ऑईल पेंट लावलं. ते बरं उठलं.

फोटो खाली जोडलाय. मोकळेपणाने सांगा. गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायची सवय आहे.

खडूफळा:

आप्पा, नमस्कार. मी कोल्हापूरला शाळेत चित्रकला शिकवते. अहो, बैलाचं ड्रॉइंग बघून मी फोटो दोनदा मोठा केला. हात तयार आहे तुमचा, त्यामुळे तक्रारी रंगाच्याच राहतात आणि त्या सुटण्यासारख्या आहेत.

वाळण्याचं आधी. ॲक्रिलिक पाण्यावर चालतं, पाणी उडालं की काम संपलं. समुद्रावरच्या वाऱ्यात बसून रंगवत असाल तर ते पाच मिनिटंही देणार नाही. घरात, पंखा बंद करून, सकाळी बसा. ताटलीऐवजी स्टीलचा पसरट डबा घ्या, तळाला ओला फडका, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या पेपरवर. काम थांबवताना झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला मिळतो. ब्रश मात्र हातातून खाली ठेवला की पाण्यातच गेला पाहिजे. एकदा वाळला तर टर्पेंटाइनने काही होत नाही, तो ब्रश गेला समजा.

आकाश एका दमात मिसळायचा हट्ट सोडा. दोन इंची चपटा ब्रश घेऊन पहिला हात पट्टे पडले तरी पडू द्या. वाळला की पातळ दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी पट्ट्यांच्या सांध्यावरून. पातळ करताना नुसतं पाणी ओतू नका, मीडियम घाला, म्हणजे रंग नसलेलं ॲक्रिलिकचं द्रव्य. पाणी फार झालं तर रंगाला धरून ठेवणारं द्रव्यच विरळ होतं आणि पुसलं की रंग फडक्यावर येतो. दुकानात रिटार्डर मिळतं, त्यानेही वेळ वाढतो, पण थेंबाथेंबाने. जास्त पडलं तर कॅनव्हास दिवसभर चिकचिकतो.

गडद होण्याचं कारण साधं आहे. त्यातलं बाइंडर, म्हणजे तेच रंग धरून ठेवणारं द्रव्य, ओलं असताना दुधासारखं पांढरट असतं आणि वाळल्यावर काचेसारखं पारदर्शक होतं. म्हणजे तुम्ही कालवता तेव्हा त्यात नसलेलं पांढरं दिसत असतं. मी मुलांना सांगते, प्रत्येक मिश्रणाचा एक फटकारा कागदाच्या पट्टीवर मारा, वाळू द्या आणि मग ठरवा. समुद्राचा रंग कालवायचा तर वाटीभर कालवा, झाकणाच्या डबीत ठेवा. ठिगळं बंद.

आता ते होडीचं पांढरं. ॲक्रिलिकवर ऑईल पेंट एक वेळ बसतं, पण ऑईल पेंटवर परत ॲक्रिलिक मारलंत तर ते धरत नाही, पापुद्रे सुटतात. शिवाय होडीची फळी वाकत नाही, कॅनव्हास वाकतो, आणि कडक रंगाला तिथे तडे जातात. घरातल्या कमी उजेडात ते पिवळं पडेल ते वेगळंच. तुमच्या पांढऱ्या ट्यूबवर काय लिहिलंय बघा. झिंक असेल तर ती झाकणार नाहीच, तिचा स्वभाव पारदर्शक. टायटॅनियम व्हाइट आणा.

आळशी कुंचला:

एकच प्रश्न. सूर्य बैलाच्या मागे मावळतोय ना? मग बैलाच्या तोंडावर ऊन कुठून आलं?

बोर्डवाले आप्पा:

आळशीबुवा, तुमच्या एका ओळीने रात्रभर झोप लागू दिली नाही.

खरं सांगतो. आकाश आणि किल्ला संध्याकाळचा आहे, डोळ्यांत बसलेला. पण ढवळ्या नीट यावा म्हणून त्याचा फोटो दुपारी बारा वाजता गोठ्यासमोर काढला आणि तो बघून रंगवला. वरून ऊन, पोटाखाली सावली. तोच उचलून संध्याकाळच्या पाण्यात नेऊन ठेवला. चिकटवलाच की मी त्याला, वेगळं काय केलं?

काल मुद्दाम साडेपाचला बंदरावर गेलो. लहानपणापासून बघतोय म्हणत होतो ना? पाहिलंच नव्हतं. आमचा समुद्र पश्चिमेला, त्यामुळे होडीकडून वाळूकडे येणारा बैल आपल्याला पूर्ण सावलीत दिसतो. ढवळ्या पांढरा शुभ्र, पण मागच्या आकाशापुढे तो चक्क राखाडी होता. उजेड फक्त पाठीच्या कडेला, वशिंडावर आणि शिंगांच्या बाहेरच्या बाजूला, सोन्याची तार ओढावी तसा. आणि सुवर्णदुर्ग मी कोळशासारखा काळा काढलाय, तर तो निळसर धुरकट, बैलापेक्षा कितीतरी फिका.

समुद्राचंही तेच. मी ट्यूबमधला निळा दिला होता. काठाचं पाणी निळं नाहीच, मातकट आहे, चहात दूध जास्त झाल्यासारखं. निळं काय ते लांब, आणि तेही करडं.

एक शंका. चाळीस वर्षं मी अक्षर भिंतीतून उठून दिसावं म्हणून रेघ मारली, शेड मारली. रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं नाही तर पैसे मिळत नाहीत. आता बैल उठून दिसू नये म्हणून काय करायचं? हात आपोआप रेघेकडे जातो.

आळशी कुंचला:

काळी ट्यूब घरातल्या कुणाला तरी लपवून ठेवायला सांगा. गडद हवं तेव्हा अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळं वाढवलं तर थंड, तांबडं वाढवलं तर उबदार. ढवळ्याची सावली त्यातच पांढरं घालून होते, आणि तेच मिश्रण समुद्रात नि किल्ल्यातही थोडं थोडं जाऊ द्या.

आणि केस एकेक काढू नका. मी एका कुत्र्यावर तीन महिने केस काढत बसलो, शेवटी तो पायपुसणं दिसायला लागला. आधी अंधार-उजेडाचे मोठे तुकडे, मग कोरड्या ब्रशने दोनचार फटके वशिंडावर आणि शेपटीच्या गोंड्याला. बास.

माझाही एक प्रश्न, तुम्ही बोर्डवाले म्हणून. माझी क्षितिजरेषा दर वेळी डावीकडे उतरते. समुद्र सांडतोय असं वाटतं. काय करता?

गुरांचा डॉक्टर:

मला चित्रातलं कळत नाही, गुरांतलं थोडंफार कळतं. काका, मागचा पाय बघा. मधला जो सांधा तुम्ही ढोपर समजून पुढे वाकवलाय तो आपल्या टाचेच्या जागी आहे, त्याचं टोक मागे येतं. खरं ढोपर वर, पोटाच्या कडेला असतं. बहुतेक चित्रांत ही चूक असते, माणसाचा पाय बैलाला लावतात.

दुसरं, डोळ्याची बाहुली गोल काढलीत, ती आडवी लांबट असते. कान शिंगांच्या खाली आणि आडवे. निरोगी बैलाच्या नाकाचा शेंडा कायम ओला असतो, तिथे एखादा उजेडाचा ठिपका दिलात तर जीव येईल. आणि जू वशिंडाच्या पुढे, मानेवर हवं.

बोर्डवाले आप्पा:

डॉक्टर, पायाचं शंभर टक्के मान्य. आज गोठ्यात जाऊन हात लावून बघितलं. ढवळ्याने शेपटी मारली, पण सांधा कळला. जुवाचं मात्र मला सांगू नका, ते बरोबरच आहे. फोटोत मागच्या गाडीवाल्याचा हात मध्ये आलाय म्हणून तसं वाटतं.

आणखी एक, तुम्ही गोठ्यातला बैल सांगताय. पाण्यातला निराळा उभा राहतो. लाट परत फिरते तेव्हा पायाखालची वाळू सरकते आणि गाडी मागे ओढते, म्हणून तो पुढचे पाय फाकतो आणि मान खाली घालतो. माझा बैल ताठ उभा होता, पोळ्याला सजवल्यासारखा. मान उतरवली आज.

आळशीबुवा, क्षितिज सोपं आहे. दोन्ही कडांना वरून मोजून खूण करा, सुतळीला खडू चोळा, दोन टोकं ताणून धरा आणि मध्ये उचलून सोडा. टण्ण करून रेघ उमटते. भिंतीवर वीस फुटांची मारतो, तुमचा कॅनव्हास काय चीज आहे.

खडूफळा:

सुतळीची युक्ती उद्या आठवीच्या वर्गात.

आप्पा, तुमच्या शंकेचं. बोर्डावर सगळी कड सारखी स्वच्छ लागते. इथे कड कुठे ठेवायची आणि कुठे हरवायची ते तुम्ही ठरवायचं. तुम्हीच पाहून आलात ती सोन्याची तार, तिथे कड ठेवा. पोटाच्या खाली आणि पाय पाण्यात जातात तिथे हरवा. पाय आधी पूर्ण काढा, वाळू द्या, मग पाण्याचाच रंग मीडियममध्ये पातळ करून पायांवरून आडवा फिरवा. त्यावर फेसाचे दोन आडवे तुटक फटके पायाच्या पुढून. पायाच्या मागून मारलेत तर पुन्हा स्टिकर. सावलीतला फेस पांढरा नसतो, जांभळट राखाडी असतो. शुद्ध पांढरं फक्त जिथे ऊन पडतं तिथे. गढूळ पाण्यावर सावली पडते आणि प्रतिबिंबही दिसतं, पण तुटकं. आणि पोटाखाली पाण्यावरून परतलेला उजेड असतो, तिथे नारिंगीचा अगदी पुसट हात.

नातीला फोनवर होआकिन सोरोया शोधायला सांगा. स्पेनच्या व्हॅलेन्सियाचा चित्रकार. त्याने १८९४ मध्ये मासेमारीहून परतणारी होडी काढली, शीड उन्हाने भरलेलं आणि होडी पाण्यातून ओढणारे बैल. चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, चार मीटर रुंद. तैलरंगात आहे, पण बैलांचे पाय पाण्यात कसे जातात ते मोठं करून बघा. हर्णैच वाटेल तुम्हाला.

बोर्डवाले आप्पा:

पाहिलं. नातीने फोन इतका मोठा केला की नुसते ब्रशचे फटके दिसले. जवळून काहीच नाही आणि लांबून बैल. त्या माणसाने रेघ मारलेलीच नाही कुठे. जेवण झाल्यावर पुन्हा एकदा पाहिलं.

ऑईल पेंटचा फेस पात्याने खरवडला, थोडा कॅनव्हास सोलला गेला, म्हणून त्या जागी पाण्यात एक टोपली काढली. समुद्र नव्याने वाटीभर कालवला, पट्टीवर वाळवून. काळी ट्यूब नातीने डब्यात लपवली होती. मला सापडली, पण वापरली नाही. बैल तीन वेळा झाला. तिसऱ्यांदा पायांवरून पाणी फिरवलं आणि तो उतरला एकदाचा समुद्रात. आकाशात एक पट्टा अजून आहे, तो ढग म्हणून खपवणार.

ढवळ्याचा मालक बघून गेला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, सगळं बरोबर, पण गाडीवर माझं नाव का नाही घातलं?

वार्निशचं विचारायचं राहिलं. लगेच मारू का?

खडूफळा:

लगेच नको, आठवडाभर वाळू द्या. ॲक्रिलिकवर चालणारंच घ्या, फर्निचरचं नको. आणि तुमच्याकडचा पाऊस बघता भिंतीला टेकवून टांगू नका. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे पाठीमागून हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.

मालकाचं नाव बारीक अक्षरात घाला.